विरोधी बाकावर बसून त्यांनी काय केले?

फोंड्याच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना, डिसेंबरात गोवा मुक्तिदिन जवळ आला की मी मुलांना समाजवादी नेते आणि खासदार मधू लिमये यांच्याविषयी सांगत असे. निवृत्त झाल्यावरही हे बोलणे थांबलेले नाही, आणि त्यावर येणारा प्रश्नही तोच आहे: "सर, जो माणूस कधी मंत्री झाला नाही, त्याने दिल्लीत इतकी वर्षे केले काय?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

लिमये 1955 च्या जुलैमध्ये सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले. पोर्तुगीज लष्करी न्यायालयाने त्यांना 12 वर्षांची शिक्षा दिली आणि सुमारे 19 महिने त्यांनी इथल्या तुरुंगात काढले. पुढे 1964 च्या पोटनिवडणुकीत ते लोकसभेत गेले, तेही बिहारमधील मुंगेरहून. पुण्यात जन्मलेल्या मराठी माणसाला बिहारच्या मतदारांनी आपला मानले, हे ऐकून आमच्या मुलांना दरवर्षी नवल वाटे.

विरोधी खासदाराजवळ मते नसतात, म्हणून मतदानात तो बहुधा हरतो. त्याच्याजवळ असते ते सभागृहाच्या कामकाजाच्या नियमांचे पुस्तक, आणि लिमये यांचा त्या पुस्तकाचा अभ्यास सत्ताधाऱ्यांनाही मान्य करावा लागे. सकाळी अकराला प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो. तारांकित प्रश्नाचे, म्हणजे ज्याचे उत्तर सभागृहात तोंडी द्यायचे असते त्या प्रश्नाचे, तयार उत्तर मंत्री वाचून दाखवतात, पण त्यावरच्या पुरवणी प्रश्नाचे उत्तर त्यांना तिथेच, उभ्याउभ्या द्यावे लागते, आणि मंत्र्याला विषय किती कळला आहे ते त्या दोन मिनिटांत सगळ्या देशाला दिसते. स्थगन प्रस्ताव, म्हणजे ठरलेले कामकाज थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा मागणारा प्रस्ताव, मांडण्याच्या अनुमतीला आक्षेप आला तर निदान 50 सदस्य पाठिंब्याला उभे राहावे लागतात. हरकतीचा मुद्दा (कामकाज नियमाला धरून नाही हा आक्षेप) किंवा हक्कभंगाची सूचना (सभागृहाच्या वा सदस्याच्या विशेष हक्काचा भंग झाल्याची तक्रार) मात्र एकटा सदस्यही उपस्थित करू शकतो. ज्याच्या पक्षाचे संख्याबळ थोडे आहे, अशा माणसाला एवढ्या सामग्रीवर सरकारकडून हिशेब मागता येतो, हे लिमये यांनी वर्षानुवर्षे करून दाखवले, आणि माझ्या मते कित्येक मंत्रिपदांपेक्षा हे काम मोठे आहे.

1971 मध्ये ते मुंगेरला हरले आणि 1973 मध्ये बांका येथून पुन्हा निवडून आले. 1977 मध्ये त्यांचा जनता पक्ष सत्तेवर आला, तेव्हा त्यांनी मंत्रिपद घेतले नाही. हा निर्णय मला आजही पुरता पटत नाही, कारण इतका अभ्यास असलेला माणूस एखाद्या खात्यात बसला असता तर त्या खात्याचे भलेच झाले असते.

मात्र त्याआधीच्या वर्षाविषयी माझ्या मनात शंका नाही. आणीबाणीत ते मध्य प्रदेशातील तुरुंगात होते. 1971 च्या मार्चमध्ये निवडलेल्या लोकसभेची पाच वर्षांची मुदत 1976 मध्ये संपली, आणि सरकारने निवडणूक न घेता ती कायद्याने वाढवून घेतली. मतदारांनी पाच वर्षांसाठी दिलेली जागा त्यानंतर आपली नाही, असे मानून लिमये यांनी, आणि त्यांच्यासारखेच कैदेत असलेल्या तरुण शरद यादव यांनी, खासदारकीचा राजीनामा दिला. पुढे माजी खासदाराचे निवृत्तिवेतनही त्यांनी स्वीकारले नाही आणि स्वातंत्र्यसैनिकाचेही नाही, ज्यावर गोव्यातल्या त्या 19 महिन्यांमुळे त्यांचा पूर्ण हक्क होता.