आमची वाटचाल : पंपसेटपासून एमजीए मोटारीपर्यंत

जालन्यात आमचे इंजिन दुरुस्तीचे वर्कशॉप आहे. आज तेथे सात माणसे काम करतात, एक बोअरिंग मशीन, एक क्रँक ग्राइंडर आणि तीन लेथ आहेत, आणि त्या तिन्हींपैकी सर्वांत जुन्या लेथवर वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, हा व्यवसाय सुरू केला. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात विहिरी खोल होत गेल्या, डिझेल पंपसेट वाढले, आणि धूळ ओढून झिजलेले त्यांचे सिलिंडर आमच्या दारात येऊ लागले. पंपसेटमागून जीप आल्या, जीपमागून ट्रॅक्टर आणि ट्रक आले. त्या काळाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. झिजलेल्या सिलिंडरला आतून बोअर मारायचा, इंजिनाचा फिरता दांडा म्हणजे क्रँक घासायचा आणि सुगी झाली की उधारी वसूल करायला निघायचे, असे ते वर्षचक्र होते.

पुढे नव्या गाड्यांची इंजिने आमच्याकडे येईनाशी झाली. बिघाड झाला की कंपनीचे सर्व्हिस सेंटर तयार हाफ इंजिन, म्हणजे इंजिनाचा जोडलेला खालचा भाग, बसवून मोकळे होते, आणि बोअर मारणाऱ्याची गरज उरत नाही. जुन्या मोटारींकडे आम्ही वळलो ते आवडीपेक्षा या गरजेपोटी, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

त्यातले पहिले काम आम्ही बिघडवले. एका गृहस्थांच्या स्टँडर्ड हेराल्डमध्ये आम्ही एका आधुनिक छोट्या गाडीचे हलके इंजिन बसवून दिले. त्यासाठी इंजिनाच्या जुन्या बैठका कापल्या, इंजिन आणि आसने यांच्यामधल्या पत्र्याला, म्हणजे बल्कहेडला, भोक पाडले, आणि गाडी सुरू झाली त्या दिवशी पेढेही वाटले. मात्र नव्या इंजिनाचा जोर वरच्या फेऱ्यांना येत असे आणि मागच्या धुऱ्याचे गुणोत्तर जुन्या, संथ इंजिनासाठी ठरवलेले होते, त्यामुळे खालच्या गिअरमध्येच ठेवावी लागून गाडी मोकळ्या रस्त्यावर किंचाळू लागली. शिवाय कागदपत्रांवरचे इंजिन आणि गाडीतले इंजिन यांचा काहीच मेळ नसल्याने ती नोंदणी नूतनीकरणात अडकली. शेवटी आम्ही ते इंजिन स्वखर्चाने उतरवले. परंतु कापलेल्या बैठका पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या नाहीत.

हे सारे मनात असताना लातूरच्या एका डॉक्टरांची एमजीए आमच्याकडे आली. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात तयार झालेली ही दोन आसनांची उघडी स्पोर्ट्‌स गाडी. डॉक्टरांची गाडी १५०० मॉडेलची, म्हणजे १४८९ सीसी इंजिनाची, दोन एसयू कार्ब्युरेटरची आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली होती. इंजिन उघडल्यावर दिसले ते असे : बोअर आधीच दोनदा वाढवलेले, क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग, घासून घासून शेवटच्या अंडरसाइजपर्यंत, आणखी घासता येणार नाही इथवर, आलेले, आणि दोन सिलिंडरांच्या मधून पाण्याच्या जॅकेटपर्यंत गेलेला एक तडा. डॉक्टर म्हणाले, “तुम्ही सांगाल ते इंजिन घालू, पण एकदाच काय ते ठरवा.” ते ठरवायला आम्हाला चार महिने लागले.

सर्वांत मोहक पर्याय एमजीएनंतर आलेल्या एमजीबी गाडीच्या १७९८ सीसी इंजिनाचा होता. घराणे तेच, बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे बी-सिरीज. त्यातही १९६४ नंतरच्या इंजिनांत क्रँकला तोलून धरणारी तीनऐवजी पाच मेन बेअरिंग आहेत, त्यामुळे खालचा भाग बराच भक्कम आहे. मात्र ते परदेशातून मागवायचे म्हणजे जुन्या मालाची आयात, सीमाशुल्क आणि न पाहता घेतलेली वस्तू असा तिहेरी धोका होता. पाच बेअरिंगच्या इंजिनासाठी मागची प्लेट, फ्लायव्हील आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट यांचा मेळ नव्याने घालावा लागला असता तो वेगळाच. दुसरा पर्याय इसुझू या जपानी कंपनीच्या १८१७ सीसी इंजिनाचा. हे इंजिन काँटेसा मोटारीमध्ये आणि नंतरच्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये येत असे, त्याच्याबरोबर पाच गिअरांचा गिअरबॉक्सही मिळतो, आणि आमच्या भागात त्याचे सुटे भाग ओळखणारे मिस्त्री अजून आहेत. पण त्याचा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, डोक्यावर असल्याने ते उंच भरते, एमजीएचे बॉनेट मात्र बसके आहे. आम्ही पुठ्ठ्याचा सांगाडा करून ठेवून पाहिला आणि कापाकापी टळणार नाही हे दिसले. आमचे सर्वांत जुने मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, त्यांनी पुठ्ठ्याकडे पाहून एवढेच विचारले, “हेराल्ड भूल गए क्या, साब?”

तिसरा पर्याय आमच्या अंगणातच होता, आणि तो सुचायला लागलेल्या वेळाची मला अजून लाज वाटते. अ‍ॅम्बेसेडरचे जुने पेट्रोल इंजिन हे त्याच बी-सिरीजचे आहे. १४८९ सीसी, सुमारे ७३ मिलिमीटरचा बोअर आणि ८८.९ मिलिमीटरचा स्ट्रोक, आकडे एमजीएचेच. फरक आहे तो स्वभावात. सरकारी साहेबांना सावकाश नेणाऱ्या या इंजिनाचे कॉम्प्रेशन कमी, कॅमशाफ्ट मवाळ आणि कार्ब्युरेटर एकच, त्यामुळे एमजीएची सत्तरच्या आसपासची अश्वशक्ती त्याच्याकडून मिळत नाही. तेव्हा संपूर्ण इंजिन न घेता त्याचा ब्लॉक आणि क्रँक घ्यायचा, आणि त्यावर एमजीएचे हेड, कॅमशाफ्ट, मॅनिफोल्ड व कार्ब्युरेटर चढवायचे असे ठरले. मराठवाड्यात अ‍ॅम्बेसेडर पुष्कळ असल्या तरी त्यांतल्या बहुतेक डिझेलच्या. चांगला पेट्रोल ब्लॉक परभणीकडच्या एका वाड्यात, कडब्याखाली झाकलेल्या गाडीत सापडला. मोजला तर पहिल्याच ओव्हरसाइजवर, म्हणजे बोअर एकदाच वाढवलेला, होता.

अश्वशक्तीचा मोह आम्ही मुद्दाम आवरला. ही गाडी जेमतेम नऊशे किलोची आहे, पण १५०० मॉडेलला पुढेसुद्धा डिस्क ब्रेक नाहीत. साध्या एमजीएला पुढे ते १९५९ च्या १६०० पासून आले. इंजिनाने पळवलेली गाडी ब्रेकने थांबवायची असते आणि औसा रस्त्यावर उसाची ट्रॉली दिव्याशिवाय उभी असते, याचा विचार इंजिन निवडतानाच करावा लागतो.

कागदपत्रांचा प्रश्न यावेळी आधी घेतला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले आहे. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी दिली, तिचा आधार मूळ स्वरूप हाच आहे, आणि तशी नोंदणी झालेली गाडी रोज वापरता येत नाही. डॉक्टरांना गाडी चालवायची होती, म्हणून त्यांनी नेहमीचीच नोंदणी ठेवली. त्याच क्षमतेच्या, त्याच इंधनाच्या आणि त्याच घराण्यातल्या इंजिनाच्या क्रमांकाची नोंद करून घेण्यासाठी अर्ज आधी गेला आणि पाना नंतर उचलला गेला. मूळ ब्लॉक फेकला नाही. त्याचा तडा मेटल स्टिचिंगने शिवून, ग्रीस लावून तो लाकडी खोक्यात ठेवला आहे, म्हणजे पुढेमागे व्हीए नोंदणी हवीशी वाटली तर तोच परत बसवता येईल. गाडीला कोठेही करवत लागलेली नसल्यामुळे हे शक्य आहे.

जोडणी वरवर सोपी होती. एमजीएचे इंजिन पुढच्या प्लेटवर तोललेले असते, ती प्लेट अ‍ॅम्बेसेडरच्या ब्लॉकला बसली, तळाचा तेलाचा सम्पही बसला. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आहे, आणि शिशाविना जुन्या इंजिनांच्या झडपांच्या बैठका झिजतात, म्हणून हेडमध्ये एक्झॉस्टच्या झडपांना कठीण सीट घातल्या. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येते, जे आमच्याच भागातल्या उसापासूनही बनते, पण जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. त्या सगळ्या बदलल्या आणि मिश्रण पातळ पडू नये म्हणून कार्ब्युरेटरच्या सुया जाड मिश्रणाच्या निवडल्या. अडलो ते भलतीकडेच. एमजीएचा आरपीएम मीटर कॅमशाफ्टच्या मागच्या टोकावरून केबलने फिरतो, आणि आमच्या ब्लॉकला त्यासाठी भोकच नव्हते. जुन्या मीटरच्या डबीत इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवायचे ठरले आणि पहिले सर्किट पाच सेकंदांत जळाले, कारण या गाडीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. हे आम्हाला माहीत नव्हते असे नाही. वायरिंग करणाऱ्या मुलाला सांगायचे राहून गेले.

गाडी परत गेल्यानंतर आणखी चार जुन्या गाड्या आल्या, त्यांपैकी दोघांना आम्ही इंजिन बदलायला नकार दिला आणि आहे तेच बांधून दिले. आता गाडी दारात आली की पहिला दिवस केवळ मोजमापाचा असतो. मागच्या धुऱ्याचे दाते मोजले जातात, ब्रेकचे ड्रम उघडले जातात आणि नोंदणीपुस्तक टेबलावर ठेवले जाते, त्यानंतर इंजिनाची गोष्ट निघते. त्या दिवसाचे पैसे काही ग्राहक देतात, काही देत नाहीत.

डॉक्टरांचा गेल्या महिन्यात फोन आला. गाडी उत्तम चालते, लातूर-तुळजापूर फेरी मे महिन्यातही तापल्याविना झाली, पण गॅरेजच्या फरशीवर तेलाचे थेंब पडतात, अशी त्यांची तक्रार होती. या तीन बेअरिंगच्या इंजिनाला क्रँकच्या मागे ऑईल सील मुळातच नाही, तेल मागे वळवणारे आटे आहेत आणि उभ्या गाडीत ते काम करत नाहीत, हे त्यांना समजावून सांगितले. दुसऱ्या दिवशी लातूरला जाणाऱ्या टेम्पोबरोबर पत्र्याचा एक ट्रे करून पाठवून दिला. त्याचे बिल लावलेले नाही.