तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रेक मीच का बसवते

रामटेकच्या त्या दिवसाला दोन पावसाळे झाले. तेव्हापासून रविवारच्या राइडला, नागपूरच्या फुटाळा तलावावर चहा घेताना, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा एकच प्रश्न येतो: "ताई, एवढं होऊनही रोड बाईकला हायड्रॉलिक डिस्कच? आणि तेही दुकानात न देता स्वतःच बसवता?" आजवर मी याचं अर्धंच उत्तर देत आले.

आधी तेच अर्धं सांगते, कारण तेही खोटं नाही. हायड्रॉलिक डिस्क म्हणजे चाकाच्या मध्यावरची चकती ऑईलच्या दाबानं पकडणारा ब्रेक. रिम ब्रेक चाकाच्या कडेला रबर घासतो, तो केबलनं ओढतात. "नागपूर सपाट, इथे डिस्क कायले?" असं ज्यांना वाटतं, त्यांनी जून संपताना सिमेंट रोडवर एकदा रिम ब्रेक दाबून बघावा. वर्षभराची धूळ आणि पहिला पाऊस मिळून जो राखाडी लगदा होतो, तो रिमला चिकटतो. ब्रेकचं रबर आधी तो पुसतं, मग पकडतं. पुढचा ऑटो तेवढा वेळ देत नाही. डिस्क हबपाशी, चिखलापासून लांब असते. शिवाय माझ्या अंगठ्याच्या सांध्यात दुखतं. केबलचा ब्रेक मला पूर्ण पंजानं ओढावा लागतो, हायड्रॉलिकला एक बोट पुरतं. बावन्नाव्या वर्षी मला ही गोष्ट लहान वाटत नाही.

या ब्रेकवरून मी पूर्वी हिरिरीनं भांडायची. २०१६ साली पॅरिस-रूबे शर्यतीनंतर यूसीआयनं, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं, शर्यतींतल्या डिस्कची चाचणी थांबवली तेव्हा ग्रुपमधले रिमवाले खूश होते. १ जुलै २०१८ पासून पूर्ण परवानगी मिळाली तेव्हा माझी पाळी. तेव्हाच्या माझ्या तोंडी एक वाक्य कायम असायचं: "लिव्हर कडक लागला की ब्रेक झाला." ते वाक्य आज आठवलं की पोटात गोळा येतो.

दुकानाचंही सांगून टाकते. सायकल एकदा दिली होती. परत आली तेव्हा पॅडवर, म्हणजे डिस्कला दाबणाऱ्या तुकड्यांवर, ऑईल सांडलेलं. पॅड ऑईल पिऊन टाकतं. अल्कोहोलनं डिस्क साफ होते, पॅड होत नाही. नवीन जोडी घ्यावी लागली. दुसऱ्या एकानं माझ्या मिनरल ऑईलच्या ब्रेकमध्ये गाडीच्या ब्रेकचं डॉट ऑईल भरायला काढलं होतं. त्यानं आतली सगळी सीलं फुगून गेली असती. समोर उभी होते म्हणून थांबवलं. तेव्हापासून मी हे काम स्वतः करते, असं मी सगळ्यांना सांगते. पण रामटेकच्या त्या दिवशी सायकल कुठल्या दुकानानं केलेली नव्हती. मी केली होती.

मागच्या ब्रेकचा होज, म्हणजे ऑईलची नळी, लांब होता, फ्रेमबाहेर कमान करून खडखडायचा. शुक्रवारी रात्री तो कापला. काटकोनात कापला, तोंडात पितळी नळी ठोकली, सांधा गच्च धरणारी कडी, म्हणजे ऑलिव्ह, नवीन घातलं, कारण एकदा दबलेलं ऑलिव्ह परत वापरत नाहीत. नट आवळला. कॅलिपरमध्ये, म्हणजे चाकाजवळच्या ब्रेकच्या जबड्यात, पॅडच्या जागी पिवळा ठोकळा, लिव्हरवर फनेल, आतली हवा काढायला खालून सिरिंजनं ऑईल वर ढकललं. यालाच ब्लीड करणं म्हणतात. बुडबुडे आले, मग यायचे थांबले. खरं तर इथे वेळ द्यायचा असतो. होजला कॅलिपरपासून लिव्हरपर्यंत टिचक्या मारायच्या, हँडल पुढे-मागे कलतं करायचं, लिव्हर दाबून धरून कॅलिपरवरचा निप्पल, म्हणजे ऑईलचं तोंड, क्षणभर उघडून बंद करायचा, आणि परत वाट बघायची. साडेअकरा झाले होते. पहाटे पाचला निघायचं होतं. लिव्हर कडक लागला. मी हात धुतले.

सकाळी माझी आणि भाच्याची, दोन्ही सायकली गाडीत टाकल्या, चाकं काढून, उलट्या. रामटेक जेमतेम पन्नास किलोमीटर, पण ढग होते आणि भाच्याला खिंडसी तलावाचा चक्कर मारून दुपारी परत यायचं होतं. लिव्हरजवळच्या ऑईलच्या टाकीत थोडी हवा राहिली असली तरी सायकल उभी असताना ती वरच तरंगते, ब्रेक उत्तम लागतो. सायकल उलटी केली की टाकी खाली येते, हवा होजकडे चढते आणि लिव्हर मऊ लागतो. हे मला माहीत होतं. वाचलेलं होतं, दुसऱ्यांना सांगितलेलं होतं.

गडाच्या पायथ्याशी चाकं बसवली. मागचा लिव्हर दाबला. मऊ लागला.

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बहिणीलासुद्धा नाही. सगळ्यांना सांगितलं की वरून येताना अचानक ब्रेक गेला. अचानक नव्हता गेला. माझ्या बोटाला पायथ्याशीच कळलं होतं. मी तीन-चारदा पंप केला, पिस्टन पुढे सरकले, लिव्हर कडक झाला. माझी सायकल मीच भाच्याला दिली आणि म्हटलं, "झालं, चल." त्याची जुनी रिमवाली मी घेतली, कारण त्याला डिस्क चालवून बघायचे होते.

चढताना ब्रेकला कोण हात लावतं? वर दर्शन झालं, फोटो झाले, तेवढ्यात भुरभुर सुरू झाली. उतारावर तो पुढे, मी मागे. दुसऱ्या वळणाच्या आधी तो ओरडला, "मावशी, मागचा लागूनच नाही राहिला!" त्याचा लिव्हर हँडलला टेकलेला मला मागून दिसला. मी "पंप कर" म्हणून ओरडले. त्यानं तोवर पुढचा जोरात दाबला होता. वळणावर बारीक खडी होती, ओली. पुढचं चाक बाजूला सरकलं आणि तो खांद्यावर आदळला. कॉलर बोन दोन ठिकाणी मोडलं, प्लेट घालावी लागली. शुद्धीवर होता. मी पोहोचले तर मला म्हणतो, "सायकल ठीक आहे का?"

घरी येऊन मी तोच ब्रेक परत ब्लीड केला. सिरिंजच्या पारदर्शक नळीत आधी मोहरीएवढे बुडबुडे आले, मग साबुदाण्याएवढा एक. तो नळीत अडकून राहिला. मी किती वेळ त्याच्याकडे बघत बसले, सांगता येणार नाही.

आता तुमचा प्रश्न. डिस्क वाईट, म्हणून मी रिमवर परत जावं का? केबल तुटायच्या आधी तिच्या तारा सुटायला लागतात, ते डोळ्यांना दिसतं. होजच्या आतलं दिसत नाही. हा तुमचा मुद्दा मला मान्य आहे. पण ब्रेकनं मला सांगितलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. त्यानं बोटाला सांगितलं होतं. सायकल दुकानात दिली असती तर भाच्याचं पडणं वाचलं असतं का? कदाचित. चांगल्या मेकॅनिकनं साडेअकराला हात धुतले नसते. मग आता मी स्वतः करते ती काळजी म्हणून, की अजून त्या शुक्रवारशी भांडतेय म्हणून? दोन्ही, असं वाटतं. कुठलं किती, ते ठरत नाही.

नवीन पॅड बसवले की पहाटे सेमिनरी हिल्सच्या उतारावर वीसेकदा वेग कमी करून ते डिस्कवर बसवते.  पॅड अर्ध्या मिलिमीटरवर यायच्या आधी बदलते. डिस्कची जाडी तिच्यावर कोरलेल्या १.५ मिलिमीटरच्या मर्यादेखाली गेली नाही ना ते व्हर्नियरनं मोजते, नव्या १.८ च्या डिस्कची दोन वर्षांत किती झीज झाली ते वहीत लिहिते. आणि ब्लीड झाल्यावर सायकल रात्रभर उलटी ठेवते. सकाळी सरळ करून पहिल्या दाबाला लिव्हर जिथे थांबतो, तो माझा निकाल. पंप करून बघत नाही.

भाच्यानं आता स्वतःची डिस्कवाली घेतलीय. बहीण म्हणाली, "तूच कर, पण काय केलं ते मला सांगू नको." गेले सहा दिवस ती सायकल माझ्या हॉलमध्ये आहे, रोज रात्री उलटी. रोज सकाळी पहिल्याच दाबाला लिव्हर कडक लागतो. घेऊन जा म्हणून त्याला फोन मी अजून केलेला नाही.