पेज व्ह्यू म्हणजे वाचक नव्हे!

वेबसाइटसाठी घेतलेल्या फॉन्टच्या परवान्यावर 'एकदाच पैसे भरायचे' असं लिहिलं होतं म्हणून मी अण्णांना छातीठोकपणे सांगितलं, फॉन्टचा खर्च मिटला. अण्णा म्हणजे ज्यांच्या दिवाळी अंकाची वेबसाइट मी करतो ते संपादक. पाच आठवड्यांनी फॉन्टकंपनीची मेल: तुमच्या 1,00,000 पेज व्ह्यूंपैकी 91,000 वापरून झाले, पुढचा पॅक घ्या. पेज व्ह्यू म्हणजे पान एकदा उघडणं.

एकदाच पैसे भरायचे ते त्या लाखासाठी. लाख संपले की परत भरा. आमचा एवढा वाचकच नाही हो! साइटची वर्दळ मोजणाऱ्या माझ्या अ‍ॅनालिटिक्समध्ये त्याच काळातले 52,000 दिसत होते. मग वरचे 39,000 कोणाचे?

मेल लिहिली. तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, त्यामुळे एका प्रश्नाला दोन दिवस. तीन वेळा विचारलं, तीन वेगवेगळ्या माणसांनी उत्तरं दिली आणि तिघांनीही करारातलं तेच कलम चिकटवलं. शेवटी कळलं ते त्यांच्याकडून नाही, कोड वाचून. त्यांनी दिलेल्या सीएसएसच्या, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडच्या, पहिल्याच ओळीत त्यांच्या सर्व्हरवरची एक बारकी फाइल मागवली जाते. पान उघडलं की ती फाइल मागितली जाते आणि आकडा एकने वाढतो. ब्राउझरने ती साठवून ठेवू नये अशीही सोय केलेली. एकाच माणसाने वीस पानं चाळली तर वीस.

हे कळूनही 39,000 चा हिशेब लागेना. अंकाच्या ऑफिसात गेलो तर तिथल्या तिन्ही कॉम्प्युटरवर आमचं मुखपृष्ठ उघडं. अण्णांना 'ताज्या प्रतिक्रिया' सतत दिसायला हव्यात म्हणून ते पान दर 60 सेकंदांनी आपोआप ताजं होईल असं मीच करून दिलं होतं. तासाला 60, आठ तासांचे 480, तीन कॉम्प्युटरचे 1,440. ऑफिस उघडं होतं 26 दिवस: 37,440. अ‍ॅनालिटिक्समध्ये हे का दिसलं नाही? ऑफिसची वर्दळ मोजू नये, अशी गाळणीही मीच लावलेली. उरलेले दीडेक हजार बहुधा चाचणीच्या साइटवर मी स्वतः जाळले. तिच्यातही तीच ओळ होती.

अण्णा म्हणाले, "म्हणजे आपणच आपला अंक वाचून पैसे भरतोय." मी गप्प.

बोल्डचं सांगायचं राहिलं. साधा आणि बोल्ड हे दोन वेगळे परवाने होते. एका पानावर दोन्ही असतील तर दोन्हींच्या खात्यातून एकेक व्ह्यू जातो. बोल्ड न घेता ब्राउझरकडून अक्षर जाड करून घ्यायचा आगाऊपणा मी केला होता. 'ष्ट्य', 'द्ध्य' शाई फुटल्यासारखी दिसली. आणि छापील अंकासाठी विकत घेतलेला डेस्कटॉप परवाना वेबला चालत नाही, बहुतेक कंपन्यांकडे असंच आहे. अण्णांना हे अजून पटलेलं नाही.

दुसरा पॅक घेतला नाही. मजकुराला 'टिरो देवनागरी मराठी' लावला, कारण अण्णांना 'ल' आणि 'श' मराठी वळणाचेच लागतात. त्यात जाड वजन, म्हणजे बोल्ड, नाही म्हणून मथळ्यांना मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा 'मुक्त'. त्याची सात वजनं आहेत. दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, वेबसाइटवर वापरायला फुकट, व्ह्यू कोणी मोजत नाही. जुना फॉन्ट काढताना ती मोजणीची ओळही काढा. मी आठवडाभर विसरलो होतो.

प्रतिक्रियांसाठी आता एक बटण ठेवलंय. अण्णा ते दर मिनिटाला दाबतात.