अर्धी विश्वासी?

"भाऊ, मले ना वाचता येते, ना उपास निभते, मी अर्धीच विश्वासी," आज उपासना संपल्यावर एक मावशी चपला घालता घालता सहज म्हणाल्या आणि कापूस वेचायला शेताकडे निघून गेल्या.

तो 'अर्धी' शब्द दिवसभर मनातून जाईना.

कलस्सै या प्राचीन नगरातील ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांवरही असेच दडपण होते. खाण्यापिण्याचे नियम, सण, अमावास्या, शब्बाथ म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, देवदूतांची उपासना, असे काहीतरी जोडल्याशिवाय त्यांचा विश्वास पुरा होत नाही, असे त्यांना सांगितले जात होते. ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने त्यांना पत्रात लिहिले की ख्रिस्तामध्ये देवपणाची सर्व पूर्णता वसते आणि त्याच्या ठायी तुम्ही पूर्ण झालेले आहात (कलस्सै. 2:9-10). ही पूर्णता त्यांनी कमावलेली नव्हती. ती ख्रिस्ताची होती आणि त्याच्याशी जोडले गेल्यामुळेच त्यांना मिळाली होती.

आपल्याकडे जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा अंकुर, भरतात, तेव्हा तो इवलासा डोळा स्वतःचे मूळ घेऊन येत नाही, तरी खुंटाचा रस त्याला पुरतो.

वाढ मात्र उरतेच, आणि हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण तोच पौल फिलिप्पै नगरातल्या विश्वासणाऱ्यांना लिहितो की मी अजून पूर्ण झालो नाही, पुढे धावतो आहे (फिलिप्पै. 3:12). पण तो धावतो, ते ख्रिस्ताने त्याला आधीच आपला म्हणून धरले आहे म्हणून.

मावशींना अक्षरे शिकवू, त्यांच्यासाठी वचन मोठ्याने वाचू. परंतु त्या अर्ध्या आहेत, हे त्यांच्या मनात आपल्या कोणत्या बोलण्याने भरवले?