आमची वाटचाल: आधी गोळे, मग क्लिपा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बाबांच्या फौंड्रीत साचे भरतच मोठा झालो. त्यामुळं इकडं ओहायोत नोकरी गेली तेव्हा दुसरं काही सुचायच्या आधी ओतकाम आठवलं. एरी सरोवर घरापासून अर्ध्या तासावर. तिथल्या पोर्ट क्लिंटन गावात थर्टीफर्स्टच्या मध्यरात्री वॉलआय माशाची भलीमोठी प्रतिकृती वरून खाली सोडतात. माशाला एवढा मान, म्हटल्यावर तो पकडायचं सामान खपणारच, असा माझा हिशेब.

सामान निवडलं डाऊनरिगरचं. डाऊनरिगर म्हणजे बोटीच्या कडेला बसवलेला छोटा रहाट. त्याच्या तारेला चार-साडेचार किलोचा गोळा आणि गोळ्याजवळ एक क्लिप. गळाची दोरी त्या क्लिपमध्ये धरायची आणि बोट सावकाश, ताशी दोनेक मैलांनी चालवायची. गोळा गळाला हव्या त्या खोलीवर नेतो. मासा लागला की दोरी क्लिपमधून सुटते आणि मासा ओढताना वजन मध्ये येत नाही.

गॅरेजमध्ये गोळे ओतायला घेतले आणि पावसाळी हवेत एक दिवस साचा तापवायचा राहिला. आत ओल होती. ३२७ अंशांना वितळणारं शिसं त्यात पडलं, ओलीची वाफ झाली आणि शिसं उसळून छताला चिकटलं. मनगटावरचा डाग अजून आहे. बाबा फोनवर एवढंच म्हणाले, "साचा तापवला नव्हतास व्हय रं?"

काही गिऱ्हाइकांना शिसं नको होतं, म्हणून बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, गोळे करून पाहिले. साडेचार किलोचा शिशाचा गोळा साधारण ९ सेंटीमीटर व्यासाचा होतो, बिडाचा साडेदहाच्या पुढं जातो. तो पाण्याला जास्त अडतो, तार मागं तिरकी होते आणि सोडलेली तार मोजणाऱ्या मीटरवर ५० फूट दिसत असताना गोळा त्याच्या बराच वर तरंगत असतो. शेवटी शिशावरच जाड प्लास्टिकचा लेप द्यायला लागलो.

नाव झालं ते मात्र क्लिपमुळं, तेही आधी बदनाम होऊन. सामन माशासाठीच्या घट्ट क्लिपा आम्ही वॉलआयवाल्यांना तशाच विकल्या होत्या. सामन धडक मारतो. वॉलआय कित्येकदा गळ हलकेच तोंडात घेतो, घट्ट क्लिप सुटत नाही आणि तो बोटीमागं ओढला जात राहतो. एका चार्टर कॅप्टननं, म्हणजे गिऱ्हाइकांना भाड्यानं मासेमारीला नेणाऱ्या बोटवाल्यानं, पाऊण तासानं सहज गोळा वर घेतला, तर मागं एक बारका वॉलआय, फरफटून मेलेला. त्यानं क्लिप माझ्या टेबलावर ठेवली आणि काही न बोलता गेला. पैसे परत मागितले असते तर मला बरं वाटलं असतं.

मग एक अख्खा हंगाम धक्क्यावर ताणकाटा घेऊन बसलो. स्प्रिंग हलकी केली, दोरी धरणाऱ्या रबरी गाद्या मऊ घेतल्या. दोरी गादीच्या टोकाशी धरली तर चटकन सुटते, आत खोल सरकवली तर घट्ट बसते. अर्ध्या बोटाचा फरक, पण सगळं तिथंच आहे. दोरी लावल्यावर रॉड चांगला वाकेपर्यंत रीळ गुंडाळायचं. वाकलेला रॉड एकदम सरळ झाला तर दोरी सुटली. वाकलेलाच राहून टोक थरथरत असेल तर बारका मासा, दोरी हातानं झटकून सोडवायची. गोळा उथळ असेल तर गळ ५० ते १०० फूट मागं ठेवायचा, कारण बोटीच्या आवाजाला हा मासा बुजतो. खोलात अंतर कमी चालतं.

सरोवराच्या पश्चिम भागाची सरासरी खोली २५ फूटसुद्धा नाही. तिथंच मासेमारी करणाऱ्याला मी सांगतो, डाऊनरिगर घेऊ नका, दोरी बाजूला पसरवणारे बोर्ड घ्या. उन्हाळ्यात मोठे मासे पूर्वेला खोल, गार पाण्याकडं सरकतात, तेव्हा या. बायको विचारते, हे दुकान आहे की धर्मशाळा?

क्लिपांची तपासणी आता तीच करते, आणि माझ्यापेक्षा कडक करते. तो कॅप्टन दर एप्रिलला येऊन डझनभर क्लिपा नेतो. गोळे मात्र अजून दुसऱ्याकडूनच घेतो.