न्यूयॉर्कहून थोरल्या भावाला

वॉल्ट डिझ्नी यांनी १९२८ साली न्यूयॉर्कहून थोरले बंधू रॉय यांना पाठवलेल्या पत्रांविषयी आज दुपारभर वाचत बसलो. ‘स्टीमबोट विली’ या मिकी माउसच्या कार्टूनपटाला आवाज जोडायला ते तिकडे गेले होते, परंतु पहिले ध्वनिमुद्रण फसले, वादकांचा ताल चित्रांशी जुळेना, आणि दुसऱ्या प्रयत्नाच्या खर्चापायी त्यांची लाडकी ‘मून’ कंपनीची मोटार विकावी लागली. (चित्रे बहुतांशी त्यांचे सहकारी चित्रकार अब आयवर्क्स यांच्या हातची, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.) पुढच्या खेपेस संगीतसंचालकाला ताल दिसावा म्हणून फिल्मवर उड्या मारणारा चेंडू उमटवला, तेव्हा कुठे ते जमले. संध्याकाळी दादाची जुनी आंतर्देशीय पत्रे काढली. प्रत्येकात शेवटची ओळ कडेने, आडवी लिहिलेली, आणि बहुधा पैशांचीच.