आमची वाटचाल : हरभट रोडवरचं घड्याळाचं दुकान

सांगलीत हरभट रोडवर आमचं दुकान आहे, जेमतेम आठ फूट रुंद. वडिलांनी 1976 साली सुरू केलं. तेव्हा पोराला नोकरी लागली की घरचे त्याला घड्याळ घ्यायचे आणि ते बहुतेक एचएमटीचंच असायचं. जपानच्या सिटिझनच्या मदतीनं 1961 साली बंगळूरला कारखाना निघाला, त्यातली ही घड्याळं : जनता, पायलट, कोहिनूर. 'जनता' दुरुस्तीला एवढी यायची, की दहावीत असतानाच मी तिची मशीन सराईतपणे खोलत होतो. वडील एवढंच सांगायचे, "हात थरथरला की चिमटा खाली ठेव."

पुढं मोबाईल आले आणि लोकांची मनगटं मोकळी झाली. सेल बदलायचे, पट्टे विकायचे, एवढंच काम उरलं. 2016 च्या जानेवारीत केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. ती बातमी मी ज्या टेबलावर वाचली, त्याच टेबलावर महिन्याभरानं दुकान मोबाईल कव्हरवाल्याला भाड्यानं द्यायची बोलणी चालली होती.

ती बोलणी मोडली एका कॅमेऱ्यामुळं. गावातले एक जुने फोटोग्राफर काका याशिका घेऊन आले, दोन भिंगांचा, वरून वाकून बघायचा. म्हणाले, "एक सेकंदावर लावलं की शटर उघडतं, पण मिटत नाही. कोण हात लावायला तयार नाही. तुम्ही बघा की जरा." मी म्हणालो, काका, मी घड्याळवाला. त्यांनी कॅमेरा माझ्या कानाशी धरला आणि खटका दाबला. आतून कर्रर्र असा आवाज आला आणि मध्येच थांबला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. खोलून बघितलं तर आत बारीक दातेरी चक्रं आणि घड्याळात असतो तसलाच पॅलेट, म्हणजे चक्राचा एकेक दात अडवून सोडणारा आकडा. शटरचा वेग कमी ठेवला की ते किती वेळ उघडं राहायचं, हे ती चक्रंच ठरवतात. तिथलं तेल वाळून गोंदासारखं झालं होतं.

पहिल्या खेपेला मी चुकलो. घड्याळाला देतो तसं तेल दिलं. ते पसरत शटरच्या पात्यांवर गेलं आणि दोन दिवसांत पाती चिकटून बसली. पाती कोरडीच ठेवायची असतात, हे तेव्हा कळलं. पुन्हा सगळं खोललं, पेट्रोलनं धुतलं आणि चक्रांच्या टोकांना सुईच्या अणीवर मावेल तेवढंच तेल ठेवलं. शटर तपासायचं मशीन माझ्याकडं नव्हतं. पण 'जनता' तासाला 18000 ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच. एका कानाशी घड्याळ, दुसऱ्या कानाशी कॅमेरा धरून पाच ठोक्यांत शटर मिटतंय का, ते ऐकत बसलो. रात्री नऊला जमलं. कव्हरवाल्याला दुसऱ्या दिवशी नाही म्हणून सांगितलं.

काका आणि त्यांच्याबरोबरची पाच-सहा माणसं दर रविवारी शहराचे फोटो काढत फिरायची. ती सगळी आपापले कॅमेरे घेऊन आली, काचेच्या कपाटातली घड्याळं बघितली आणि हळूहळू एकेक घेऊन मनगटाला बांधायला लागली. आता फेरी दुकानापासूनच निघते. साडेसहाला जमायचं, घड्याळांना चावी द्यायची, वेळ लावायची, मग मारुती चौक, गणपती मंदिर आणि कृष्णेवरचा 1929 चा आयर्विन पूल. परत आल्यावर दुकानात चहा आणि भडंग. घड्याळाच्या काचेत आभाळ उमटू नये म्हणून मनगट कसं वळवायचं, हे मला त्यांनी शिकवलं. आमचे नियम दोनच. जाहिरातीत काटे दहा वाजून दहा मिनिटांवर लावलेले असतात; आमच्या फोटोत त्या क्षणाची खरी वेळ हवी. आणि विचारल्याशिवाय कुणाच्या मनगटाचा फोटो घ्यायचा नाही.

मार्केट यार्डातल्या एका हमाल मामांनी असाच फोटो काढू दिला. हळदीच्या पोत्यावर हात आणि हातात 'पायलट'. नंतर ते घड्याळ सर्व्हिसिंगला आलं. मागचं झाकण उघडलं तर कडेच्या खाचेत पिवळीधमक हळद. ती मी ब्रशनं काढली, पण त्याआधी त्याचाही फोटो घेतला. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक घड्याळाचा खोलायच्या आधी आणि नंतर फोटो काढायची पद्धत पडली. काय बदललं, काय मूळचं आहे, ते गिऱ्हाइकाला दिसतं. हे फार गरजेचं आहे. एका विक्रेत्यानं आमच्या एका गिऱ्हाइकाला रंगवलेली डायल 'ओरिजिनल' म्हणून विकली होती. पैशापेक्षा त्या पोराचा उतरलेला चेहरा मला जास्त लागला. आम्ही डायल रंगवत नाही, कितीही पैसे दिले तरी.

2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. दुकान बुडालं. पाणी ओसरल्यावर चिखल काढायला पहिली आली ती रविवारची मंडळी. मागोमाग गिऱ्हाइकं चिखलानं भरलेली घड्याळं पिशव्यांतून आणायला लागली. आठवडाभर पाण्यात राहिलं की हेअरस्प्रिंग, म्हणजे आतली केसासारखी बारीक स्प्रिंग गंजते, मग काही चालत नाही. सगळी वाचली नाहीत.

एका मावशींच्या कपाटात त्यांच्या मिस्टरांची 'जनता' तिरकी पडली होती. पाणी उतरलं तसा डायलवर चारपासून आठपर्यंत तपकिरी पट्टा उमटला. मशीन मी चालू करून दिली. डायलला हात लावू नका, म्हणाल्या. पुढच्या रविवारी काका त्यांच्या घरी गेले. भिंतीवर पुराची रेघ मावशींच्या डोक्याच्या वर होती. मावशींनी ते घड्याळ बांधून हात वर केला आणि मनगट त्या रेघेला टेकवलं. काकांनी याशिकावर फोटो घेतला, खोलीत उजेड कमी म्हणून एक सेकंदावर. तो दुकानात लावलाय.

रविवारी सकाळी दुकान अर्धं उघडं असतं. घड्याळ बंद असलं तरी बांधून या, परत आलो की खोलून बघू.